कमरेचा एप्रन : त्याचा प्रचार, ऱ्हास व बोध

देवळाचा पाया केव्हा घातला, घंटा कोठून आणली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, यांची नोंद महोत्सवाच्या स्मरणिकेत व्हावी हे योग्यच आहे. परंतु धर्मग्राम म्हणजे केवळ देऊळ नव्हे. ज्या घरांतून माणसे रविवारी मिस्सेला येतात त्या घरांचाही तो इतिहास असतो. आणि त्या घरांत पहाटेपासून रात्रीपर्यंत जे हात राबले त्यांची नोंद बाप्तिस्म्याच्या वा विवाहाच्या कोणत्याच वहीत सापडत नाही. म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने एका अगदी साध्या वस्त्राचा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. ते वस्त्र म्हणजे घरकाम करताना अंगावरील कपड्यांच्या रक्षणार्थ पुढल्या बाजूस बांधावयाचा एप्रन. एके काळी आपल्यांतील कित्येक घरांत तो स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला टांगलेला असे. आज तो क्वचितच दिसतो. तो का गेला, आणि त्याच्याबरोबर आणखी काही गेले की काय, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ठाणे, कल्याण वा डोंबिवली येथील कोणत्याही मुलास आज ‘एप्रन’ म्हणजे काय असे विचारले, तर ते बहुधा डॉक्टरांचा अथवा प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांचा पांढरा कोट दाखवील. म्हणजे वस्त्र स्वयंपाकघरातून गेले तरी नाव टिकले. फक्त ते चुलीपाशी न राहता रुग्णालयात जाऊन बसले. इंग्रजीतील हा शब्द मूळचा जुन्या फ्रेंच भाषेतील असून त्याचा अर्थ लहानसे फडके असा होता. पोर्तुगीज भाषेत याच वस्त्रास ‘आव्हेंताल’ म्हणतात, आणि त्या नावात ‘पुढे असणारे’ असा भाव आहे. शाळेतील मुलींचा ‘पिनाफोर’ हाही त्याच कुळातला. पूर्वी तो फ्रॉकावर पुढून टाचण्यांनी लावीत, म्हणून त्यास ते नाव पडले. आपल्या मुली तो गणवेष म्हणून घालतात. परंतु तो मूळचा फ्रॉक मळू नये म्हणून घालावयाचा एप्रनच होय, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

मराठीत या वस्त्रास स्वतंत्र नाव का नाही, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या लुगड्यात आहे. नऊवारी लुगडे नेसणाऱ्या स्त्रीस निराळ्या एप्रनाची गरजच नव्हती, कारण लुगडे हेच अंगवस्त्र आणि तोच एप्रन. कामास लागताना पदर कमरेस खोचला की पुढील भाग झाकला जाई आणि हात मोकळे होत. त्याच पदराने तापलेले पातेले उतरावे, हात पुसावेत, लेकराचे नाक पुसावे, आणि परके माणूस दारी आले की तोच पदर सावरून डोक्यावर घ्यावा. परसातील भाजी, अंडी, वाळवणातील चिंचा, जे काही गोळा करावयाचे ते ओच्यात घालून आणावे. आपली भाषा याची साक्ष देते. पदर खोचून उभी राहिली म्हटले की ती कामास सज्ज झाली असे आपण समजतो. एखाद्यास पदरात घेणे म्हणजे त्यास आपला म्हणणे. आणि पदरमोड करणे म्हणजे स्वतःचे वेचून दुसऱ्याचे भागविणे. काम, माया आणि त्याग या तिहींस मराठीने एकाच वस्त्राच्या काठाशी बांधून ठेवले आहे.

ठाणे व साष्टी येथील आपल्या जुन्या ईस्ट इंडियन कुटुंबांत हीच रीत होती. ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारूनही त्या स्त्रियांनी लुगडे सोडले नाही. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नाव इंग्रजी झाले, परंतु घरातील स्त्रीचे लुगडे चौकड्यांचेच राहिले. ठाण्याच्या लोकांस वस्त्राची पारखही पिढ्यान्‌पिढ्यांची. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने ठाण्याच्या बंदरातून जाणाऱ्या सुती कापडाचा उल्लेख केला आहे. १३२१ साली ज्या नगरीत थॉमस, जेम्स, पीटर व दिमित्री या चार फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी रक्तसाक्ष दिली, ती नगरी मागांच्या खटखटाटाने गजबजलेली होती. पुढे येथील ख्रिस्ती विणकरांचे रेशीमही नावाजले गेले. ते माग आता राहिले नाहीत.

मग निराळा एप्रन आपल्या घरांत आला तो कोणत्या वाटेने? तो झग्याबरोबर आला. ज्या घरांतील स्त्रियांनी पाश्चात्त्य फ्रॉक स्वीकारला, मग ती घरे मुंबईची असोत, गोव्याहून नोकरीसाठी आलेली असोत, अथवा कल्याणच्या रेल्वे वसाहतीतील अँग्लो-इंडियन असोत, त्यांस पदर उरला नाही. फ्रॉकास खोचावयाचे काही नसते, पुसावयास काठ नसतो आणि ओचाही नसतो. तेव्हा ते सर्व पुढे बांधलेल्या एका फडक्याने भागविणे प्राप्त झाले. १८५३ च्या एप्रिलात मुंबईहून ठाण्यापर्यंत आणि १८५४ च्या मे महिन्यात कल्याणपर्यंत आगगाडी आली, आणि तिच्यामागून नाना प्रांतांचे कॅथलिक या भागात वस्तीस आले. पुढल्या शतकात केरळहून आलेल्या जुन्या पिढीच्या भगिनी शुभ्र चट्टा-मुंडू नेसत, मंगळूरच्या साडी, गोव्याच्या फ्रॉक आणि आपल्याकडच्या लुगडे. एकाच देवळातील बाकांवर ही सर्व वस्त्रे शेजारी शेजारी बसत. मात्र चुलीपाशी प्रत्येकीने आपले वस्त्र राखण्याची काही ना काही युक्ती केलेली असे. कोणी पदर खोची, कोणी जुन्या लुगड्याचा तुकडा कमरेस गुंडाळी, कोणी नाडीचा एप्रन बांधी. कन्याशाळांत शिवणकाम शिकवीत, तेव्हा सरळ शिवण, दुमड व नाडी एवढ्यावर भागणारे हे वस्त्र नवशिक्या हातास सोपे जाई.

ही युक्ती इतकी आवश्यक का होती, हे आजच्या पिढीस सांगावे लागते. पहिले कारण असे की कापड महाग व थोडे होते. सामान्य घरात रोजच्या वापराची दोन वस्त्रे आणि देवळाचे एक, एवढाच संसार. दुसऱ्या महायुद्धात तर कापडाचा दुष्काळ पडला; १९४३ साली हिंदुस्थान सरकारला सुती कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. इंग्लंडसारख्या सधन देशातही १९४१ पासून १९४९ पर्यंत कपडे कुपनावर मिळत. अशा काळी एक लुगडे वर्षभर अधिक टिकले तर तो घराचा लाभ होता. दुसरे कारण धुण्याचे. विहिरीचे वा नळाचे पाणी भरावे, कपडे सोड्यात भिजवावेत, साबणाचा बार घासावा, दगडावर आपटावे, पिळावे, वाळत घालावे. आणि पावसाळ्यात आमच्या कोकणच्या हवेत चार चार दिवस ओलसर वास सोसावा. मोठे वस्त्र धुण्यापेक्षा हातभर फडके धुणे किती सोपे, हे ज्याने धुतले त्यासच कळते.

तिसरे कारण विस्तवाचे. लाकडाची चूल धूर सोडी, भांड्यांस काजळी धरी, आणि ती काजळी वस्त्रास लागे. कोळशाच्या शेगडीची राख उडे. त्यात आपल्या स्वयंपाकाची सामग्री अशी की तिचा डाग सहजी जात नाही. हळदीच्या डागास साबण लावला की तो तांबडा होतो, आणि उन्हाशिवाय फिका पडत नाही. उन्हाळ्यात ईस्ट इंडियन घरांत वर्षाचा ‘बाटली मसाला’ होई. मिरच्या, हळकुंडे, धणे व इतर कितीतरी जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, लाकडी उखळात मुसळांनी कांडीत आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरीत. त्या दिवशी आळीतील सर्वांस शिंका येत आणि कांडणाऱ्या स्त्रिया नखशिखांत लाल-पिवळ्या होत. नाताळात फुगियास तळताना तेल उडे. अशा कामास चांगल्या वस्त्रानिशी बसणे म्हणजे वस्त्रावर पाणी सोडणे होय.

आता ही कारणे एकामागून एक कशी नाहीशी झाली ते पाहू. विस्तव प्रथम बदलला. १८९२ साली स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस स्टोव्ह आणि वातीचे स्टोव्ह यांनी शहरी घरांतील चूल हळूहळू विझविली. १९५५ च्या सुमारास मुंबईत सिलिंडरमधील गॅस मिळू लागला, १९६५ साली ‘इंडेन’ आला, आणि वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहिल्यावर का होईना, तो ठाणे-कल्याणच्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. १९५९ सालापासून आपल्या देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले. पुढे ठाण्याच्या वागळे इस्टेटीतही त्यांचा कारखाना चालू लागला. भात उतू जाणे, डाळ शिंतोडे उडविणे हे कमी झाले. मिक्सर आला आणि पाटा-वरवंटा कोपऱ्यात गेला. मसाला गिरणीतून दळून अथवा पाकिटातून येऊ लागला. काजळी गेली, राख गेली, कांडणही बहुतेक गेले.

धुणेही सोपे झाले. १९५९ साली ‘सर्फ’ आली, १९६९ साली गुजरातेत करसनभाई पटेल यांनी ‘निरमा’ काढली, आणि धुण्याची भुकटी गरिबाच्या घरीही परवडू लागली. त्यानंतर धुलाईयंत्र आले. ज्या घरात रोज सर्वच कपडे यंत्रात पडतात तेथे एक वस्त्र राखण्याकरिता दुसरे बांधण्याचे प्रयोजन काय? कापडाचेही तसेच. या कामी आपला भागच अग्रेसर ठरला, ही ध्यानी ठेवण्याजोगी गोष्ट आहे. कल्याणजवळ मोहने व शहाड येथे रेयॉनचे मोठे कारखाने निघाले, त्यांपैकी मोहन्याचा पुढे बंद पडला. आणि १९६० नंतरच्या दशकात ठाण्याच्या परिसरात ‘टेरीन’चा धागा होऊ लागला. हे कृत्रिम कापड स्वस्त, टिकाऊ, झटपट वाळणारे, इस्त्रीची फारशी अपेक्षा न धरणारे. ज्या ठाण्याने शतकानुशतके सुती व रेशमी वस्त्रे विणली, त्याच ठाण्याने वस्त्र जपण्याची गरज कमी करण्यास हातभार लावला.

तिसरा बदल वेषाचा व राहणीचा. नऊवारीची पाचवारी झाली, पाचवारीची सलवार-कमीज झाली, आणि घरात गाउन आला. डोंबिवली वा कल्याण येथील कोणत्याही इमारतीत सकाळी जिन्यावरून गेले तर दारोदार हा सुती गाउन दिसेल, आणि भाजीवाल्यासमोर येताना त्यावर घेतलेली ओढणी किंवा टॉवेलही दिसेल. स्त्रिया नोकरीस जाऊ लागल्या. सकाळची लोकल गाठून मुंबईस जाणारी आणि दिवे लागल्यावर परतणारी गृहिणी घरी येताच बाहेरचे वस्त्र उतरवून गाउन चढविते आणि ओट्यापाशी उभी राहते. तिने चांगल्या वस्त्रावर एप्रन बांधिला नाही. चांगले वस्त्रच काढून ठेविले. अशा रीतीने ज्या वस्त्राचे रक्षण करावयाचे ते आणि ज्याने करावयाचे ते, ही दोन्ही एक झाली. एप्रन मागे पडला याचे खरे कारण हेच. तो टाकून दिला गेला नाही; तो लांबरुंद होऊन सर्वांगभर पसरला आणि गाउन झाला.

यात आपल्या भगिनींचा काडीमात्र दोष नाही. काजळी व धुणे यांच्या जाचातून त्या सुटल्या हा ईश्वराचा प्रसादच समजावा. जुन्या चुलीची गोडी गाणारे बहुधा तीपुढे बसलेले नसतात. तथापि लाभाबरोबर जी हानी झाली तीही मोजली पाहिजे, आणि ती दोन प्रकारची आहे.

पहिली हानी देहाच्या सुरक्षिततेची. सुती कापड पेट घेते खरे, परंतु नायलॉनसारखे कृत्रिम कापड जळताना वितळून कातडीस चिकटते आणि जखम खोल करते. घोळदार गाउन, लोंबती ओढणी, मोकळा पदर आणि उघडी ज्योत यांचा संग वाईट. पूर्वीची स्त्री पदर खोचीत होती त्यात मर्यादेइतकीच सावधगिरीही होती. जाड सुती एप्रन कमरेशी घट्ट बांधिला तर सैल वस्त्र आवरले जाते, उडणारे तेल त्यावर पडते, आणि प्रसंगी तो क्षणात सोडून फेकता येतो. शिवाय ध्यानी घ्या की पूर्वीची स्त्री चुलीपुढे बसून रांधीत होती; आजची ओट्यापाशी उभी राहते, आणि ज्योत तिच्या पोटाच्या उंचीवर असते. म्हणजे एप्रनाची गरज एका अर्थी आज अधिक आहे.

दुसरी हानी सूक्ष्म आहे, आणि मला तीच मोठी वाटते. एप्रन हा बांधला जातो आणि सोडलाही जातो. तो बांधला म्हणजे काम सुरू झाले. तो सोडून खिळ्यास टांगला म्हणजे काम संपले, आणि घरधनीण आता आपल्या माणसांत बसण्यास मोकळी झाली. गाउनास असा आरंभ व शेवट नाही. तो सकाळी अंगावर असतो, दुपारी असतो, निजतानाही असतो. तेव्हा तीत गुंतलेले कामही कधी उतरत नाही. आणखी एक. पदर, लुगडे, गाउन ही स्त्रीची वस्त्रे. ती दुसऱ्याच्या हाती देता येत नाहीत. एप्रन मात्र कोणाच्याही कमरेस बसतो. पतीने बांधावा, मुलाने बांधावा, पाहुणा आलेल्या भावानेही बांधावा. खिळ्यावर टांगलेला एप्रन हे घरातील प्रत्येकास मूक आमंत्रण असते. तो खिळा रिकामा झाला तेव्हा ते आमंत्रणही गेले, आणि स्वयंपाकघराचे काम एकाच व्यक्तीच्या अंगाशी शिवले गेले. आमच्या पुरुषांनी एप्रन पूर्वी तरी कितीसा बांधला, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. परंतु म्हणूनच हा प्रश्न आज आपणांपुढे आहे.

या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे? आपल्या प्रभूने शेवटच्या भोजनाच्या रात्री काय केले ते संत योहानाने सविस्तर लिहून ठेवले आहे. तो भोजनावरून उठला, बाहेरील वस्त्र त्याने काढून ठेवले, कमरेस फडके गुंडाळले, आणि शिष्यांचे पाय धुऊन त्याच फडक्याने पुसले. घरातील दासाचा वेष स्वतः धन्याने धारण केला. आणि पेत्राने हरकत घेतली ती याच कारणास्तव. तोच पेत्र पुढे आपल्या पहिल्या पत्रात नम्रता अंगी बाणवा असे सांगतो, तेव्हा मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद तो योजितो त्यात दासाचे कामाचे वस्त्र गाठ मारून बांधण्याचा भाव आहे. त्या रात्रीचे फडके तो विसरला नव्हता, असे मानावयास जागा आहे. संत पौल तंबू शिवून पोट भरी. इफिस नगरीत त्याच्या अंगास लागलेले रुमाल व कामाचे एप्रन लोक आजाऱ्यांकडे नेत आणि त्यांस गुण येई, असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे.

पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांकरिता जो नियम केला त्यात कामाच्या वेळी घालावयाचे ‘स्कॅपुलर’ नावाचे वस्त्र सांगितले आहे. तो मठातील एप्रनच होय. कार्मेलमातेच्या भक्तीने आपण गळ्यात जे लहानसे तपकिरी स्कॅपुलर धारण करितो ते त्याच कामाच्या वस्त्राचे संक्षिप्त रूप आहे. आपल्यांतील कित्येकांनी ते पहिल्या कम्युनियनच्या दिवसापासून जपले असेल. आपण गळ्यात भक्तिभावाने श्रमाचे वस्त्र बाळगतो आणि घरात मात्र ते बांधण्याची लाज धरतो, ही विसंगती आहे.

इटलीत मोल्फेत्ता येथील बिशप तोनिनो बेल्लो (१९३५–१९९३) यांनी हा विचार फार पुढे नेला. शुभवर्तमानात प्रभूच्या अंगावरील ज्या एकमेव याजकीय वस्त्राची नोंद आहे ते म्हणजे एप्रन, असे ते म्हणत, आणि ‘एप्रनची ख्रिस्तसभा’ हा त्यांचा शब्दप्रयोग जगभर पोहोचला. आपल्या उपासनेनेही ही आठवण सोडलेली नाही. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली पवित्र सप्ताहाच्या विधींत सुधारणा केली, तेव्हापासून पवित्र गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सेतच पाय धुण्याचा विधी होऊ लागला. आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या आज्ञेने त्या विधीसाठी पुरुषांप्रमाणे स्त्रियांचीही निवड करण्यास मोकळीक मिळाली. त्या सायंकाळी धर्मगुरू वरचे वस्त्र उतरवून कमरेस फडके बांधतात आणि गुडघे टेकतात. म्हणजे घरांतून जो एप्रन गेला तो देवळात वर्षातून एकदा अद्यापि दिसतो.

धर्मबंधूंनो व भगिनींनो, पवित्र गुरुवारी वेदीपाशी जे आपण पाहतो ते शुक्रवारी सकाळी आपल्या ओट्यापाशी कोठे दिसते, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या घरापुरता विचारावा. चूल परत आणावयाची नाही, काजळी परत आणावयाची नाही, लुगडे नेसण्याचा आग्रहही नाही. ठाण्याच्या कोणत्याही बाजारात दोन हात जाड सुती कापड थोडक्या पैशांत मिळते. त्याचा एक एप्रन शिवावा, लांब नाडीचा, म्हणजे घरातील लहानथोर सर्वांस तो बांधता येईल, आणि स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला टांगावा. तेथे आधी जो पोहोचेल त्याने तो बांधावा. महोत्सवाच्या या वर्षी देवळास रंग दिला जाईल, वेदी शृंगारली जाईल, ते उचितच आहे. पण ज्या धर्मग्रामाच्या घराघरांत हा खिळा रिकामा नाही, तेथे प्रभूची ती शेवटच्या रात्रीची आज्ञा पाळली जाते असे खुशाल समजावे. त्याच्या कृपेने आपली घरे तशी होवोत.